पूजेचा मान

गेल्या वर्षीच्या २६ जानेवारीची गोष्ट आहे. ठाण्यातल्या अनेक जुन्या गृहनिर्माण संस्थांमध्ये प्रजासत्ताक दिनी सकाळी झेंडावंदन आणि त्यानंतर सत्यनारायण हा क्रम इतका रुळलेला आहे की, या दोहोंचा एकमेकांशी काय संबंध, असा प्रश्न कोणाला पडत नाही. सुट्टी असते, सगळे घरी असतात, एवढे कारण पुरते. आमच्या पाचपाखाडीच्या इमारतीतही कित्येक वर्षे हेच चालू आहे. दरवर्षी एक जोडपे पूजेला बसते, आणि गेल्या वर्षी कार्यकारिणीने आमचे नाव काढले. मी संस्थेचा खजिनदार आहे. मी देव मानत नाही हे इमारतीत सर्वांना ठाऊक आहे, पण ठाऊक असलेली गोष्ट ऐन वेळी कोणाच्या लक्षात राहीलच असे नाही.

मी नकार दिला. केळीचे खांब, फुले आणि विड्याची पाने जांभळी नाक्यावरून आणतो, वर्गणीचा हिशेब ठेवतो, शिरा वाढतो, नंतर चौरंग आणि सतरंज्या उचलायलाही थांबतो. पाटावर मात्र बसणार नाही, असे सांगितले. (पत्नीला बसायचे आहे का, हे कार्यकारिणीने विचारले नाही आणि मीही विचारले नाही. याबद्दल घरी जे ऐकावे लागले ते रास्तच होते.) दुसऱ्या मजल्यावरचे काका, जे गेली अनेक वर्षे या पूजेची सगळी व्यवस्था एकहाती पाहतात, थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "अहो, मानत नसाल तर नका मानू. पण मान तरी ठेवा."

मराठीत एकाच धातूपासून किती गोष्टी निघतात पाहा. आपण देव मानतो, थोरांना मान देतो, समोरच्याचे म्हणणे मान्य करतो, आणि कोणी दुखावले जाईल असे वाटले तर वाईट मानू नका असे आधीच सांगून ठेवतो. ‘मानला तर देव, नाही तर दगड’ या म्हणीने तर देवाचे देवपण मानणाऱ्याच्याच पदरात टाकले आहे, आणि ही म्हण मी नास्तिकांपेक्षा श्रद्धाळूंच्या तोंडूनच अधिक वेळा ऐकली आहे. काकांना म्हणायचे होते ते असे की, मानणे ही खासगी बाब आहे आणि मान ही सार्वजनिक. पहिली माझ्या मर्जीवर, दुसरी सर्वांवर बंधनकारक. वरवर पाहता यात गैर काही नाही. पण मान ठेवायचा म्हणजे नेमके काय करायचे, असे विचारले की उत्तर दर वेळी थोडे पुढे सरकते. आधी, पूजा चालू असताना टीव्हीचा आवाज कमी ठेवा. मग वर्गणी द्या. मग चप्पल काढून या, हात जोडा, तीर्थ घ्या. आणि शेवटी, पाटावर बसा. प्रत्येक पायरी आधीच्या पायरीपेक्षा बोटभरच उंच असते, म्हणून ती नाकारणारा हेकट ठरतो. पण पहिल्या पायरीवर शेजारधर्म होता आणि शेवटच्या पायरीवर मला खोटे वाटणारे काहीतरी माझ्याच तोंडून वदवून घेतले जाणार होते, हा फरक त्या चढणीत हरवतो.

माझे म्हणणे असे आहे की, श्रद्धेला, केवळ ती श्रद्धा आहे एवढ्यावर, ती नसलेल्या माणसाकडून आदर मागता येत नाही. श्रद्धा हे इतर काही असले तरी जगाविषयीचे एक म्हणणेही असते: अमुक केले की तमुक होते, अमक्या दिवशी तमके टाळावे. ते म्हणणे मला चुकीचे वाटत असेल, तर त्याचा आदर करणे म्हणजे एक तर ते पटल्याचे सोंग करणे, नाही तर ते विचारात घेण्याच्या लायकीचेच नाही असे मनात ठरवून वर गोड बोलणे. आमच्या नात्यातल्या एका मुलीचे लग्न पत्रिकेतल्या मंगळावरून दोनदा मोडले. त्या मंगळाला मी मान द्यावा, असे कोणी म्हणत असेल तर ते माझ्याच्याने होणार नाही. तिचे वडील मात्र मनापासून घाबरलेले होते. ते घरी आले तेव्हा मी तासभर त्यांचे ऐकून घेतले, त्यांना हसलो नाही, आणि ते उठायच्या आत मला जे वाटते तेही स्पष्ट सांगितले. ते रागावले. पुढच्या महिन्यात पुन्हा आले.

माझेच म्हणणे एका ठिकाणी अडखळते, तेही येथे नोंदवतो. ‘नवसें कन्यापुत्र होती । तरि कां करणें लागे पती’ असे विचारणारे तुकोबा मला फार जवळचे वाटतात, पण ते हा प्रश्न विचारतात तो विठ्ठलाच्या पायाशी बसून. त्यांच्या अभंगातून विठ्ठल वजा करून उरलेल्या कवितेचा मी आदर करतो, असे मला म्हणता येत नाही, कारण त्या वजाबाकीनंतर कविता उरतच नाही. जी श्रद्धा मला पटत नाही, तिच्यातून आलेल्या ओळी मी स्वयंपाकघरात भाजी चिरताना गुणगुणतो. हा हिशेब खजिनदारालाही जुळवता आलेला नाही.

त्या दिवशी सकाळी आवारात झेंडावंदन झाले आणि राष्ट्रगीत चालू असताना मला केरळमधली तीन भावंडे आठवली. यहोवाचे साक्षीदार या पंथातल्या या शाळकरी मुलांना, राष्ट्रगीत गात नाहीत म्हणून १९८५ मध्ये शाळेतून काढून टाकले होते. राष्ट्रगीत सुरू झाले की ती अदबीने उभी राहत, पण आपल्या देवाखेरीज दुसऱ्या कशाचेही स्तवन करायचे नाही या त्यांच्या समजुतीमुळे गात नसत. १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुलांच्या बाजूने निकाल दिला. न्यायमूर्ती ओ. चिन्नप्पा रेड्डी यांनी त्यात मांडलेला विचार मला या सगळ्या वादातला सर्वांत नेमका विचार वाटतो: ती श्रद्धा आपल्या बुद्धीला किंवा भावनेला पटते की नाही, हा प्रश्नच नाही, ती प्रामाणिकपणे बाळगलेली आहे का एवढेच पाहायचे, आणि तशी असेल तर तिला राज्यघटनेच्या २५व्या कलमाचे संरक्षण मिळते. न्यायाधीशांनी मुलांची श्रद्धा आदरणीय ठरवली नाही, की हास्यास्पदही ठरवली नाही. त्यांनी तिला संरक्षण दिले आणि तेही सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता व आरोग्य यांच्या मर्यादेत. दुसऱ्याच्या श्रद्धेला आदर द्या, असे बंधन ते कलम नागरिकावर घालत नाही. नागरिकांची मूलभूत कर्तव्ये सांगणारे कलम ५१ क १९७६ मध्ये घटनेत आले, त्यात वैज्ञानिक दृष्टिकोन वाढवण्याचे कर्तव्य आहे आणि धर्म, भाषा, प्रदेश यांचे भेद ओलांडून बंधुभाव वाढवण्याचेही आहे. ही दोन्ही कर्तव्ये एकाच यादीत ठेवणाऱ्यांना त्यांत विरोध वाटला नसावा. तीन भावंडे उभी राहिली आणि गायली नाहीत. ती श्रद्धाळू होती आणि मी नाही, पण माझ्यासारख्याने सत्यनारायणाच्या दिवशी काय करावे, हे मला त्यांच्याइतके चांगले कोणी दाखवलेले नाही.

पूजा सुरू झाली तेव्हा मी मागच्या खुर्चीवर बसून कथा ऐकली. तिसऱ्या-चौथ्या अध्यायातल्या साधुवाण्याची मुलगी कलावती, पती परत आल्याचे कळताच प्रसाद न घेता धावत सुटते आणि तिच्या डोळ्यांदेखत पती नौकेसह दिसेनासा होतो. घरी जाऊन प्रसाद घेऊन आल्यावरच तो तिला परत मिळतो. लहानपणी मला या मुलीची फार दया येई, आणि आजही येते. पाचव्या अध्यायातला तुंगध्वज राजा शिकारीहून परतताना रानात गवळ्यांना पूजा करताना पाहतो, गर्वाने जवळ जात नाही, गवळ्यांनी आणून दिलेला प्रसाद टाकून निघून जातो, आणि त्याचे शंभर पुत्र व सगळे वैभव नष्ट होते. श्रद्धा नसलेल्याला धाक घालणारी ही गोष्ट, असेच मी ती आजवर ऐकत आलो होतो. पण त्या दिवशी पहिल्यांदाच मनात आले की, राजाला देवाविषयी शंका असल्याचे कथा कोठेही सांगत नाही. त्याने टाकला तो गवळ्यांच्या हातचा प्रसाद. त्याला लाज वाटली ती त्या माणसांमध्ये बसण्याची. कथाकाराला हा अर्थ अभिप्रेत होता असा माझा दावा नाही, पण शिरा वाढायला उठलो तेव्हा तुंगध्वजाशी आपले फारसे साम्य नाही, याचे मला थोडे समाधान वाटले.

ठाण्यात वाढलेल्या माणसाला दुसऱ्याचा धर्म कुतूहलाने पाहायला लांब जावे लागत नाही. तलावपाळीच्या एका अंगाला कौपिनेश्वर, जवळच सेंट जॉन चर्च, आणि टेंभी नाक्याकडे वळले की १८७९ सालचे शार हशामाइम सिनेगॉग. शाळेतला माझा एक मित्र बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू समाजातला. त्यांच्या घरी मलिद्याला मी पहिल्यांदा गेलो तेव्हा सहावीत होतो. ताटात भिजवलेले पोहे, खोबरे, साखर, सुका मेवा, भोवती फळे. सगळ्यांची डोकी झाकलेली, आणि एलियाहू हन्नाबीची प्रार्थना हिब्रूत. मित्राच्या वडिलांनी माझ्या डोक्यावर टोपी ठेवली आणि म्हणाले, "तू नुसता बस. आमेन म्हणायलाच पाहिजे असं काही नाही." माझ्याकडून काय हवे आणि काय नको, हे इतक्या सहजपणे मला नंतर कोणी सांगितले नाही. प्रार्थना संपल्यावर मात्र वाटीभर मलिदा आग्रहाने खायला लावला.

याच समाजाला कोकणात ‘शनवार तेली’ म्हणत, कारण तेलाचा धंदा करणारे हे लोक शनिवारी घाणा बंद ठेवीत. या नावाकडे मी पुष्कळदा विचारात पडून पाहतो. शेजाऱ्यांना शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा शनिवारचा विश्रांतीचा दिवस, काय असतो हे कळले नव्हते, कळून घेण्याची फारशी गरजही वाटली नसावी, आणि त्यांनी त्यापुढे हात जोडल्याचेही ऐकिवात नाही. शनिवारी तेल मिळत नाही, एवढे त्यांनी ध्यानात ठेवले आणि ते नावातच घालून टाकले. तेल हवे असेल त्याने शुक्रवारी आणावे किंवा रविवारपर्यंत थांबावे. परक्या श्रद्धेशी वागण्याची ही रीत मला अत्यंत पुरेशी वाटते.

उलट बाजूही या शहरानेच दाखवली आहे. सणांतल्या ध्वनिक्षेपकांविरुद्ध आणि रस्त्यावरच्या मंडपांविरुद्ध ठाण्याचेच डॉ. महेश बेडेकर उच्च न्यायालयात गेले, आणि २०१६ च्या ऑगस्टमध्ये न्यायालयाने निकाल दिला की, ध्वनिक्षेपक लावण्याचा मूलभूत हक्क कोणत्याही धर्माला सांगता येणार नाही. २००० सालच्या नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. ती मोडणारा आवाज आरतीचा आहे, अजानचा आहे की मिरवणुकीतल्या डीजेचा, हे आवाज मोजणाऱ्या यंत्राला कळत नाही. तरीही तक्रार करणाऱ्याला पहिला प्रश्न विचारला जातो तो आवाजाविषयी नसतो, ‘तुम्हाला आमच्या श्रद्धेचा आदर नाही का?’ असा असतो, आणि तेथे बोलणे संपते. जादूटोणाविरोधी कायद्याच्या बाबतीतही तेच झाले. डॉ. नरेंद्र दाभोलकर वर्षानुवर्षे सांगत राहिले की विरोध देवाधर्माला नाही, त्यांच्या नावाने होणाऱ्या शोषणाला आहे. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कायदा संमत झाला. तो उघडून पाहिला तर त्याच्या अनुसूचीत अमानुष कृत्ये दिसतात, आणि पूजा, प्रदक्षिणा, यात्रा, कीर्तन, भजन यांना कायदा लागू नाही, असेही त्यात नमूद केलेले दिसते. श्रद्धेच्या अपमानाची ओरड करणाऱ्यांपैकी कितींनी तो वाचला असेल, अशी शंका येते.

पण काकांकडे याहून अवघड प्रश्न होता, आणि तो त्यांनी महिन्याभराने जिन्यात विचारला. "आईंचं हाड मोडलं होतं तेव्हा दीड महिना तुम्हीच घरात पूजा करत होतात. मी स्वतः पाहिलंय. मग आमच्याच पूजेचं काय वावडं?"

ते खरे होते. आई गेली त्याच्या दोन वर्षे आधी तिचे खुब्याचे हाड मोडले होते आणि देवघरापाशी बसणे तिला शक्य नव्हते. पत्नीची सकाळची शिफ्ट असल्यामुळे काम माझ्याकडे आले. मी आईला म्हणालो, "अगं, माझं मन नाही त्यात." ती म्हणाली, "मन राहू दे. हात धुऊन ये." मग पलंगावरून सूचना सुरू झाल्या. आधी निर्माल्य काढ. देव ताम्हनात घे. गणपती, अन्नपूर्णा, मग टाक, आणि बाळकृष्ण शेवटी. तो रांगता बाळकृष्ण पितळेचा, करंगळीएवढा, हातात लाडू. त्याच्या गुडघ्याच्या आणि पोटाच्या मधल्या खाचेत जुने गंध आणि दुधाचा पांढरा थर साठे, आणि पितांबरीने वरून कितीही चोळले तरी तो निघत नसे. त्यासाठी आईने एक जुना, केस कापून आखूड केलेला टूथब्रश देव्हाऱ्यातच ठेवला होता. चौथ्या-पाचव्या दिवसानंतर तिला सूचना द्याव्या लागल्या नाहीत. मला त्या दीड महिन्यात कसलीही अनुभूती आली नाही, हे सांगितले पाहिजे, कारण अशा गोष्टी सांगताना लोक ती हळूच मध्ये आणतात. पितळ स्वच्छ झाले की बरे वाटे, एवढेच.

त्या वेळी मी आईचे हात होतो. हे तिला माहीत होते, मला माहीत होते, आणि तिच्या समजुतीप्रमाणे देवांनाही माहीत असणार. सत्यनारायणाला बसलो असतो तर गुरुजींनी हातावर पळीभर पाणी घालून संकल्प सांगितला असता, आणि मला माझे नाव, माझे गोत्र उच्चारून ‘मम आत्मनः श्रुतिस्मृतिपुराणोक्तफलप्राप्त्यर्थं’ असे म्हणत शेवटी ‘करिष्ये’ म्हणावे लागले असते. संकल्प प्रथमपुरुषी असतो. ‘मी, माझ्यासाठी, ही फळे मिळावीत म्हणून हे करतो,’ असे म्हणायचे असते, आणि ते त्या फळांवर विश्वास नसलेल्या माणसाने चारचौघांत म्हणणे म्हणजे ज्यांचा विश्वास आहे त्यांची थट्टाच. मी हे काकांना सांगितले. ते म्हणाले, "अहो, अर्थ कोण बघतो?" त्यावर मी म्हणालो की आपल्या दोघांत तो बघणारा मी निघालो, याची तुम्हालाच अधिक काळजी वाटायला हवी. ते हसले, पण पटल्यासारखे नव्हे.

आईशी मात्र मी असे कधी बोललो नाही. आयुष्यभर तिच्या उपासांवर, नवसांवर, देवीला दर वर्षी पाठवायच्या मनीऑर्डरीवर मी गप्प राहिलो, आणि या गप्प राहण्यालाच आदर समजत आलो. तिला वाद घालता येत नव्हता असे मुळीच नाही. रेशन दुकानदारापासून महापालिकेच्या नळखात्यापर्यंत कोणाशीही ती वाद घाले आणि जिंकेही. एकदा, त्या दीड महिन्यातच, तिने विचारले, "तुला खरंच वाटतं का रे, की वर कोणी नाही?" मी म्हणालो, "जाऊ दे, आई." ती म्हणाली, "जाऊ दे काय? मी विचारलंय." आणि मी विषय बदलला. तिच्या प्रश्नाला उत्तर देण्याइतके मोठे मी तिला धरले नाही, ही त्या आदराची खरी किंमत होती. मंगळाच्या पत्रिकेने घाबरलेल्या त्या गृहस्थांना मी जे दिले, ते आईला दिले नाही.

काकांशी त्यामुळे मी बोलतो. रविवारी संध्याकाळी ते चहाला येतात आणि आम्ही भांडतो. अशाच एका रविवारी त्यांच्या बोलण्यात सहज येऊन गेले की, पूजेला कोणाचे जोडपे बसवायचे यावर कार्यकारिणीत दर वर्षी रुसवेफुगवे होतात. तो मान असतो, आणि गेल्या वर्षी आमचे नाव त्यांनी स्वतः लावून धरले होते. मी वर्षभर समजत होतो की माझ्यावर काही लादले जात आहे. पालखीचा मान, ओटीचा मान, मानाचा गणपती, लग्नातला मानपान, हा मानाचा तिसरा अर्थ माझ्या ध्यानातच आला नव्हता. काकांना माझ्याकडून देवासाठी काही नकोच होते बहुधा. त्यांनी मला काहीतरी देऊ केले होते, आणि मी त्यावर राज्यघटनेच्या चौकटीत विचार करत बसलो होतो. नकार मी आजही देईन. पण तो देताना आधी आभार मानायला हवे होते, एवढी चूक मी त्यांच्यापाशी कबूल केली.

या वर्षी तिसऱ्या मजल्यावरचे नवे जोडपे बसले. केळीचे खांब मीच आणले. एक वाकडा निघाला म्हणून काकांनी ऐकवले.

आईचे देव आता डोंबिवलीला बहिणीकडे आहेत. मुलाकडे असायला हवेत, असे एक-दोन नातेवाईक कुरकुरले, पण बहिणीला ते हवे होते आणि माझ्याकडे ते नुसते कपाटात राहिले असते. नेल्यानंतरच्या पहिल्याच सकाळी तिचा फोन आला. मागे नळाचा आवाज येत होता.

"आई आंघोळ कोणाला आधी घालायची रे?"

"गणपती, अन्नपूर्णा, मग टाक," मी म्हणालो. "बाळकृष्ण शेवटी. त्याच्या गुडघ्याखाली पाणी राहतं, ते नीट टिपून घे. ब्रश डब्यातच आहे."